परदेशी संग्रहांत हरवलेला टीव्ही कार्यक्रम शोधायचा तर: आधी कागद, मग फीत

‘आमचे आजोबा १९७८ साली टीव्हीवर आले होते. आपल्याकडे रेकॉर्डिंग असल्यास कृपया पाठवावे.’ असा मेल एकाच संध्याकाळी लंडन, वॉशिंग्टन, पॅरिस आणि कॅनबेराला जातो. महिन्याभरात चार ठिकाणांहून चार सभ्य नकार येतात आणि घरात ठरून जातं की ते आता कुठंच नाही. खरं तर शोध सुरूच झालेला नसतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ज्या घरांत कुणी ना कुणी मुंबई दूरदर्शनवर गायलं, बोललं किंवा नाचलं, तिथं हा प्रकार वारंवार होतो. क्रम उलटा लागतो, म्हणून हाती काही येत नाही.

पुढचं सगळं एक उदाहरण धरून सांगतो. समजा, अमळनेरकडच्या एका वहीगायन (खान्देशातलं लोकगायन) मंडळाचा कार्यक्रम सत्तरीच्या दशकात मुंबईला चित्रित झाला आणि आता नातवंडांना तो हवा आहे.

टप्पा १ : घरातला कागद बाहेर काढा

संगणक उघडण्याआधी ट्रंक उघडा. आकाशवाणी-दूरदर्शनचं करारपत्र, मानधनाच्या धनादेशासोबत आलेली चिठ्ठी, रेल्वेच्या तिकिटावर केलेली नोंद, स्टुडिओतला फोटो, मंडळाचा हिशेब. करारपत्रावर चित्रीकरणाची तारीख आणि प्रसारणाची तारीख वेगवेगळी असते. दोन्ही उतरवा. संग्रहांच्या नोंदी कधी एकीवर लागतात, कधी दुसरीवर.

मग वर्तमानपत्र. त्या दिवशीचा कार्यक्रम-तक्ता जुन्या अंकांत छापलेला असतो. जुन्या अंकांसाठी धुळ्याचं गरुड वाचनालय किंवा जळगावचं व. वा. वाचनालय इथं चौकशी करा. तिथं नसेल, तर मुंबईतल्या मोठ्या ग्रंथालयांत मुंबई आवृत्तीच पाहा, कारण कार्यक्रम मुंबई केंद्राचा होता.

तारीख ठरवताना आठवणीवर फार भिस्त ठेवू नका. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, पण सत्तरीच्या दशकात त्याचं चित्र खान्देशापर्यंत पोहोचतच नव्हतं. ‘आम्ही सगळ्यांनी भुसावळच्या घरी बसून १९७८ ला पाहिलं’ असं कुणी ठामपणे सांगितलं, तर दोन शक्यता उरतात. एक तर ते मुंबईत नातेवाइकाकडे पाहिलं, नाही तर घरी पाहिलं ते ऐंशीच्या दशकात, लघुशक्ती प्रक्षेपक आल्यावर झालेलं पुनःप्रसारण. दुसरी शक्यता खरी असेल तर उत्तमच. पुनःप्रसारण झालं म्हणजे फीत तोवर शाबूत होती.

रंगाबद्दलही विचारून घ्या. भारतात रंगीत प्रसारण १९८२ साली सुरू झालं. ‘नानांचा फेटा लालभडक दिसत होता’ ही आठवण १९७८ च्या प्रसारणाची असूच शकत नाही.

तपासणी : एका कागदावर पाच गोष्टी लिहिता आल्या पाहिजेत: मालिकेचं नाव, भागाचं नाव किंवा विषय, तारीख (निदान महिना आणि वर्ष), मिनिटं, सहभागी माणसं. पाचापैकी तीन तरी पक्क्या नसतील तर टप्पा २ ला जाऊ नका.

टप्पा २ : देशातच नाही ना, ते पाहा

हा टप्पा लोक कंटाळून ओलांडतात. प्रसार भारतीच्या संग्रहाची आणि सह्याद्री वाहिनीची यूट्यूब चॅनेलं आधी नीट चाळा. भागाच्या नावानं न सापडलेली गोष्ट कलाकाराच्या, निवेदकाच्या किंवा गावाच्या नावानं सापडते. मग मुंबई केंद्राला लेखी विचारा.

१९८४ नंतरचा कार्यक्रम असेल तर तो दूरदर्शननं स्वतः केला की बाहेरच्या निर्मात्यानं, हे आधी ठरवा. प्रायोजित मालिकांचा काळ तिथून सुरू होतो. अशा मालिकांची मूळ टेप बहुधा निर्मात्याच्या गोदामात असते आणि गोदाम निर्मात्याच्या वारसांकडे.

लोककलेचा कार्यक्रम असेल तर गुरुग्रामच्या ‘आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’ला विचारल्याशिवाय परदेशाकडे बघूच नका. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचा हा संग्रह १९८२ पासून आहे. भारतात येऊन ध्वनिमुद्रण-चित्रीकरण करून गेलेल्या परदेशी अभ्यासकांच्या सामग्रीच्या प्रती इथं ठेवल्या जातात. अमेरिकेत शोधायला निघालेली फीत कधी कधी दिल्लीच्या मेट्रोनं गाठता येते.

टप्पा ३ : फीत बाहेर गेली असेल तर कोणत्या वाटेनं?

सगळा शोध या प्रश्नावर उभा आहे. परदेशी संग्रह आपल्या कार्यक्रमाची वाट बघत बसलेला नसतो. कुणीतरी, कधीतरी, कोणत्या तरी कारणानं प्रत तिथं नेलेली असते. ते कारण सापडलं की संग्रहाचं नाव आपोआप येतं.

बीबीसीची ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथा-मालिका हे यातलं सर्वांत अभ्यासलेलं प्रकरण आहे. साठीच्या दशकातल्या व्हिडिओ टेप महाग होत्या, म्हणून त्या पुसून पुन्हा वापरल्या. आपल्या दूरदर्शनवरही तेच झालं. पण पुसण्यापूर्वी परदेशी विक्रीसाठी १६ मिलिमीटर फिल्मवर प्रती काढल्या होत्या आणि त्या एका देशाचं स्टेशन दाखवून झाल्यावर पुढच्या देशाला पाठवत असे. म्हणून हरवलेले भाग लंडनमध्ये सापडले नाहीत, साखळीतल्या दूरच्या कड्यांत सापडले. १९९१ च्या अखेरीस एक चार भागांची पूर्ण कथा हाँगकाँगच्या स्टेशनकडून परत आली. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरात सापडलेले नऊ भाग जाहीर झाले. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात काही सेकंदांचे तुकडे मिळाले. ते तिथल्या सेन्सॉरनं कापून फायलीला लावून ठेवले होते. भाग गेले, कातरलेलं राहिलं.

२०१० मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये साठाहून अधिक ब्रिटिश नाट्यप्रयोगांच्या टेप सापडल्या. त्या न्यूयॉर्कच्या सार्वजनिक टीव्ही केंद्राच्या सामग्रीतून तिथं आल्या होत्या. म्हणजे शोध घ्यायचा तो कार्यक्रमाच्या नावानं नव्हे, ज्यानं तो विकत घेतला त्याच्या नावानं.

आता हे आपल्याला लावू. मुंबई केंद्राचा मराठी कार्यक्रम फिल्म-प्रतींच्या साखळीतून आफ्रिकेत जाईल, ही आशा सोडून द्या. आपल्या वाटा वेगळ्या आहेत.

पहिली वाट स्पर्धेची. प्रसारण संस्था आपले निवडक भाग आंतरराष्ट्रीय स्पर्धांना पाठवत. मुलांचा कार्यक्रम असेल तर म्युनिकची ‘प्री जेनेस’ (१९६४ पासून), शैक्षणिक असेल तर जपानच्या एनएचकेची ‘जपान प्राइझ’ (१९६५ पासून). स्पर्धेला गेलेल्या प्रतीबरोबर इंग्रजी संहिता जोडलेली असते. फीत नाही मिळाली आणि ती संहिता मिळाली, तरी मोठं काम झालं.

दुसरी वाट महोत्सवांची आणि वहीगायनासारख्या कलेसाठी मला तीच सर्वांत आशेची वाटते. भारत महोत्सव ब्रिटनमध्ये १९८२ ला झाला, अमेरिका आणि फ्रान्समध्ये १९८५-८६ ला, सोव्हिएत संघात १९८७-८८ ला. वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या १९८५ च्या लोकजीवन महोत्सवात भारताचा मेळाच भरवला होता. भारतातून लोककलावंतांचे जथे गेले आणि अशा ठिकाणी चित्रीकरण होतंच. आपल्या मंडळातलं कुणी गेलं होतं का, हे जुन्या पासपोर्टवरून कळतं. मात्र तिथं मिळेल ते त्यांचं चित्रीकरण असेल, मुंबईचा भाग नव्हे. घरच्यांना हे आधीच सांगा.

तिसरी वाट: कलाकार स्वतः परदेशी टीव्हीवर गेला. बीबीसी १९६५ पासून ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई प्रेक्षकांसाठी हिंदुस्तानीत कार्यक्रम करत होती. १९६८ पासून ‘नई जिंदगी नया जीवन’ हा त्यांतला मुख्य. दौऱ्यावर आलेल्या भारतीय गायक-वादकांना अशा कार्यक्रमांत बोलावत. त्याच्या तारखा बीबीसीच्या ऑनलाइन कार्यक्रम-सूचीत, म्हणजे जुन्या ‘रेडिओ टाइम्स’ साप्ताहिकाच्या तक्त्यांत, घरबसल्या पाहता येतात.

चौथी वाट सर्वांत साधी: कुणाच्या तरी व्हीसीआरवर भरलेली कॅसेट. ती वाट संग्रहालयात जात नाही, लेस्टरच्या, दुबईच्या किंवा न्यू जर्सीच्या माळ्यावर जाते. तिच्याबद्दल टप्पा ७ मध्ये.

इशारा : १९७५-७६ च्या उपग्रह-शिक्षण प्रयोगाचं, म्हणजे ‘साइट’चं नाव वाचून लोक नासाला लिहितात, कारण उपग्रह नासाचा होता. तो प्रयोग सहा राज्यांतल्या गावांसाठी होता: आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा, राजस्थान. त्यात महाराष्ट्र नव्हता. टपालखर्च वाचवा.

टप्पा ४ : कॅटलॉगमध्ये शोधताना

वाट ठरली, संग्रह ठरला. आता त्यांचं ऑनलाइन कॅटलॉग. इथं गाडी अडते ती स्पेलिंगवर.

‘धुळे’ टाकून काही येणार नाही. जुन्या नोंदींत ते ‘धुलिया’ आहे, त्याहून जुन्या इंग्रजी नोंदींत ‘धूलिया’ दोन ओ लावून. खान्देशच्या इंग्रजी रूपात शेवटच्या ‘श’आधी जादा ‘आय’ घालून लिहायची ब्रिटिश पद्धत होती, तीही टाकून पाहा. भुसावळला ‘व’साठी दोन वेगळी अक्षरं चालतात. एरंडोल, चोपडा, यावल यांचंही तसंच. जिल्ह्याच्या नावात काळ सांभाळा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ चा. त्याआधीच्या नोंदीत नंदुरबारचा माणूस धुळे जिल्ह्याखाली सापडेल, महाराष्ट्र राज्य होण्याआधीच्या नोंदीत पश्चिम खान्देशाखाली. आणि जळगाव दोन आहेत. बुलढाण्याच्या जळगाव जामोदची नोंद आपली समजून आनंदू नका.

भाषेचा रकाना आणखी फसवा. अहिराणी कार्यक्रम ‘मराठी’, ‘खान्देशी’, ‘हिंदी’ यांपैकी कशाखालीही लावलेला असतो. ग्रिअर्सनच्या ब्रिटिशकालीन भाषा-सर्वेक्षणात खान्देशी भिल्ली भाषांसोबत एका खंडात होती, म्हणून अभ्यासकांच्या संग्रहांत भिल्लीचाही रकाना उघडा.

फ्रान्सच्या ‘इना’मध्ये (तिथला राष्ट्रीय दृक्श्राव्य संग्रह) किंवा जर्मन संग्रहांत त्या भाषेतला देशवाचक शब्द टाकून शोधा. तारखांत अमेरिकन नोंदी महिना आधी लिहितात. चार जुलै आणि सात एप्रिल यांची गल्लत होऊन शोध कोरडा जातो.

कार्यक्रमाचं नाव टाकून शून्य आलं तर नाव काढा. फक्त वर्ष आणि देश टाका, आलेली यादी ओळीनं वाचा. कंटाळवाणं काम आहे, पण खरे शोध यातूनच लागतात. ज्यानं डब्यावरची चिठ्ठी वाचून नोंद केली त्याला मराठी येत नव्हतं, हे गृहीत धरा. आपलं वहीगायन तिथं ‘भारत, ग्रामीण गायक, ढोलकी’ एवढंच असू शकतं.

इशारा : व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा संग्रह (ऑगस्ट १९६८ पासून) अमेरिकन बातम्यांचा आहे. ब्रिटिश पाथेसारखे संग्रह वृत्तचित्रांचे आहेत. डिसेंबर १९३६ च्या फैजपूर काँग्रेसचं चित्रण शोधायचं असेल तर वृत्तचित्रांकडे जा, टीव्हीच्या भागासाठी नको.

प्रत्येक शोध वहीत लिहा: तारीख, संग्रह, टाकलेले शब्द, आलेला निकाल. ‘काही नाही’ हाही निकाल लिहा. नाही तर दिवाळीनंतर तुमचा चुलतभाऊ त्याच संग्रहात तेच शब्द टाकत बसेल.

टप्पा ५ : पत्र

कॅटलॉगमध्ये नोंद मिळाली, किंवा नोंद नसूनही वाट पक्की आहे, तेव्हाच लिहा. संग्रहाच्या सामान्य पत्त्यावर नको. संकेतस्थळावर संशोधकांसाठी वेगळा फॉर्म किंवा आशियाई सामग्री बघणारा अधिकारी दिलेला असतो, तिकडे लिहा.

मेल सात-आठ ओळींचा. पहिल्या ओळीत कार्यक्रम, केंद्र, तारीख. दुसरीत प्रत तुमच्याकडे आली असावी असं का वाटतं, ते कारण. नंतर कॅटलॉग क्रमांक असेल तर तो. मग एकच प्रश्न: ही सामग्री तुमच्याकडे आहे का आणि कोणत्या स्वरूपात? ‘प्रत पाठवा’ पहिल्या मेलमध्ये लिहू नका. आजोबांचं चरित्र, मंडळाला मिळालेले पुरस्कार, वीस फोटो, काही नको. करारपत्राचं एक स्कॅन जोडा, ते पुरतं.

इंग्रजी साधं असू द्या. गावातल्या इंग्रजीच्या सरांकडून ‘मोस्ट हंबली’ वगैरे घालून घेऊ नका, तिकडचा माणूस गोंधळतो.

उत्तराला महिना धरा. नंतर त्याच मेलखाली एकदा आठवण द्या. दर आठवड्याला टोचलंत तर तुमचा मेल खाली सरकत जातो.

टप्पा ६ : आलेलं उत्तर वाचा

‘आमच्याकडे नोंद नाही’ आणि ‘आमच्याकडे नाही’ यांत फरक आहे. पहिलं उत्तर आलं तर विचारा: नोंद न झालेली सामग्री आहे का? त्या वर्षीचं आवक-रजिस्टर पाहता येईल का? ज्या स्टेशननं किंवा संस्थेनं सामग्री दिली, तिची यादी आहे का? मोठ्या संग्रहांत अशी न उघडलेली खोकी असतात.

‘आहे’ असं आलं तर घाई करू नका. चार गोष्टी विचारा.

फिल्म आहे की टेप? फिल्म असेल तर आवाज त्याच पट्टीवर आहे की वेगळ्या चुंबकीय रिळावर? वेगळा असेल तर त्या आवाजाच्या डब्याचा क्रमांक वेगळा असतो आणि तो मागितला नाही तर मुकं चित्र हाती पडतं. वहीगायन मुकं मिळालं तर ढोलकीवरचा हात तेवढा दिसेल.

लांबी किती? १६ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात ४० चौकटी बसतात. टीव्हीसाठी सेकंदाला २५ चौकटी धरल्या, तर फुटांना ३७.५ नं भागून मिनिटं मिळतात. पंचवीस मिनिटांचा भाग साधारण ९४० फूट भरतो. डब्यावर ३०० फूट लिहिलं असेल तर तो पूर्ण भाग नाही, आठ मिनिटांचा तुकडा आहे.

टेप असेल तर कोणती? सोनीची यू-मॅटिक १९७१ ची, व्हीएचएस १९७६ ची, बीटाकॅम १९८२ ची. १९७४ चा कार्यक्रम बीटाकॅमवर असेल तर ती नंतर काढलेली प्रत आहे आणि कुठून काढली हा पुढचा प्रश्न.

शेवटचं, अवस्था कशी आहे? फिल्मला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो असं उत्तर आलं, तर आधार-पट्टी कुजायला लागलेली आहे. मग वाटाघाटी बाजूला ठेवून आधी डिजिटल प्रत काढण्याचा खर्च विचारा.

इशारा : सापडलं की लगेच व्हॉट्सॲपवर जाहीर करू नका. जोसमध्ये दिसलेल्या भागांपैकी एक डबा प्रत्यक्ष परत येईपर्यंत गायब झाला, असं शोधणाऱ्यानंच सांगितलं आहे. डिजिटल प्रत हातात येईपर्यंत तोंड बंद.

टप्पा ७ : नातेवाइकाच्या माळ्यावरची कॅसेट

लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं, उत्तर अमेरिकेचं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. त्यांच्या जुन्या सभासदांना विचारा, शिवाय रावेर-यावलकडून अमेरिकेत गेलेल्या घरांना. प्रश्न ‘तुमच्याकडे अमुक भाग आहे का’ असा नको. ‘गावाकडून आणलेल्या व्हिडिओ कॅसेट आहेत का, काहीही लिहिलेल्या’ असा विचारा. लग्नाच्या कॅसेटच्या शेवटच्या अर्ध्या तासात टीव्हीवरचं काहीतरी भरलेलं असतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणालाच आठवत नाही.

अमेरिकेत एक खास घोळ होतो. भारतातली कॅसेट पाल पद्धतीची. अमेरिकन व्हीसीआर एनटीएससी. त्यात घातली की चित्र फाटतं, लोळतं, आणि वहिनी म्हणतात, ‘ती खराब झाली हो, टाकून दिली.’ म्हणून आधीच सांगून ठेवा: लावून बघू नका, फेकू नका.

कॅसेट मिळाली तर पाठच्या कडेची प्लास्टिकची छोटी पट्टी तोडायला सांगा, म्हणजे तिच्यावर चुकून काही भरलं जाणार नाही. खिडकीतून आत पांढरी बुरशी दिसली तर कोणत्याही यंत्रात घालू नका. एकदा घातली तर बुरशी यंत्रात जाते, पुढच्या कॅसेटला लागते आणि फीत तुटते ती वेगळीच. कॅसेट जळगावला मागवण्यापेक्षा तिथल्याच जाणकाराकडून डिजिटल करून घ्या. आपल्या मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत पडून राहिलेल्या फितीचं काय होतं ते सांगायला नको. दोन फायली मागा: जपून ठेवायला कमीत कमी दाबलेली मोठी आणि बघायला छोटी. मोठी फाईल न मागितल्यानं लोक फक्त मोबाईलवरची प्रत घेऊन बसतात.

टप्पा ८ : ओळख पटवा, मग हक्क

मिळालेलं चित्र तुमचंच आहे का? नावांची पाटी, केंद्राचं बोधचिन्ह, सुरुवातीचं घड्याळ थांबवून पाहा आणि टप्पा १ च्या कागदाशी ताडा. मंडळातला हयात असलेला कुणी जिभाऊ असेल तर त्याला दाखवा, पण आधी काही न सांगता. ‘हे १९७८ चं आहे ना?’ असं विचारलंत तर ते होच म्हणतील.

संग्रह प्रत देतो ती बघायला. ती दाखवायचा हक्क त्यासोबत येत नाही. भारतीय कायद्यात चित्रपट म्हणून धरल्या जाणाऱ्या कृतीचा स्वामित्वहक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो आणि कलाकारांचा हक्क वेगळा, ५० वर्षांचा असतो. म्हणून यूट्यूबवर टाकण्याआधी दूरदर्शनला किंवा निर्मात्याला लेखी विचारा आणि संग्रहाच्या अटींत जाहीर प्रदर्शनाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. गावच्या चौकात पडदा लावून दाखवणं हेही जाहीर प्रदर्शनच.

डिजिटल फाईलची एक प्रत संग्रहाच्या पत्रव्यवहारासह दूरदर्शनच्या संग्रहाला द्या. दुसरी जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात अभ्यासकांसाठी ठेवता येईल का, ते विचारा. सोबत टप्पा ४ ची वहीही द्या, नकारांच्या पानांसकट.